दोन टाक्यांचा एक काटा

‘‘गाडी चालवली की डिझेल वाढायलंय,’’ असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं तर आमच्या धंद्यातला माणूस आधी त्याच्या तोंडाकडं बघतो आणि मग गाडीकडं. भामाबाई हे म्हणाल्या तेव्हा मीही तेच केलं. त्या हसत नव्हत्या. त्यांची जीप ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली होती, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि ट्रॅक्टरवर बसलेला त्यांचा दीर उद्धव मान खाली घालून बसला होता.

पण त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बोरीत जिंतूरच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आता ते दुसऱ्याकडं आहे. लोक मला रशीद वायरमन म्हणायचे. खेड्यात वायरमन म्हणजे खांबावर चढणारा, त्यामुळं लाइट गेली की अर्धा गाव माझ्या दारात येऊन उभा राहायचा आणि मी खांबावर का चढत नाही म्हणून माझ्यावरच चिडायचा. माझं काम हॉर्न, सेल्फ, डायनॅमो, दिवे. इंजिन खोलायचं काम दुसऱ्याचं, माझं फक्त तारांचं. त्यातही मला मनापासून आवडायचं ते डिझेलच्या काट्याचं काम.

घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो ना, पाणी वर आलं की वर येतो, खाली गेलं की खाली जातो, तसाच एक पोकळ डबा गाडीच्या टाकीत असतो. त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. फ्लोटला एक दांडी असते. दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. टोक जिथं असेल त्याप्रमाणं वीज कमी-जास्त वाहते आणि तेवढाच डॅशबोर्डवरचा काटा हलतो. एवढंच. एक तार, एक काटा आणि टाकीच्या अंधारात तरंगणारा एक डबा. गाडीच्या बाकीच्या गोष्टींबद्दल माणसं कारागिराचं ऐकतात, पण काट्याबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं मत असतं.

एका किराणा व्यापाऱ्याचा टेम्पो होता. त्याची खात्री होती की ड्रायव्हर ताडकळसच्या बाजाराला गेला की डिझेल विकतो. बाजाराच्या दिवशी काटा खाली जायचा, परत आल्यावर पुन्हा थोडा वर यायचा. व्यापारी म्हणायचा, चोरी करतो आणि मला कळू नये म्हणून पाणी घालतो. मी त्यांच्याबरोबर बाजाराला गेलो. टेम्पो उभा करायची जागा उतारावर होती. टाकीतलं डिझेल एका बाजूला कलायचं, फ्लोट दुसऱ्या बाजूला उघडा पडायचा आणि काटा खाली यायचा. सपाटीवर आलं की पुन्हा वर. व्यापाऱ्यानं उताराकडं बघितलं, टाकीकडं बघितलं आणि ड्रायव्हरला भजी खाऊ घातली. माफी मागायची त्याची ती रीत होती. ड्रायव्हरनं ती मानली, हे त्याचं मोठेपण.

आता भामाबाईंकडं येतो.

त्यांचं पूर्ण नाव सत्यभामाबाई. बोरीपासून आत एका शिवारात त्यांचं घर. नवरा मारोतराव. दोघांनी तरुणपणी ऊसतोडीला जाऊन उन्हाळे-हिवाळे काढले होते. पुढं मारोतरावनी जुनी डिझेल जीप घेतली, परमिट काढलं आणि दिवाळीच्या सुमाराला टोळ्यांना कारखान्याच्या गावी पोहोचवायचं, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की परत आणायचं, असं काम धरलं. मधल्या महिन्यांत लग्नं, दवाखाने, बाजार. भामाबाई शेजारी बसून जायच्या. बाया-लेकरांचं सगळं त्या बघायच्या.

या जीपला दोन टाक्या होत्या. एक मूळची, मागं. दुसरी मारोतरावनी स्वतः बनवून घेऊन बाजूला बसवली होती, कागदावर रीतसर चढवून. गाडीची बाकी सगळी वायरिंग माझ्याकडं असायची, पण त्या टाकीच्या कामाला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या टाकीत किती डिझेल आहे हे ते अंदाजानं ओळखायचे. मी एकदा म्हणालो होतो, काट्याला जोडून देतो. ते म्हणाले, मी हाय की काटा. मला ते थोडं लागलं होतं. एकाच रस्त्यावर दोन हुन्नरी माणसं असली की हे व्हायचंच.

मग मारोतरावना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. जीप शेडमध्ये उभी राहिली. दसरा झाला, टोळ्या बांधायला लागल्या, आणि भामाबाईंनी शेडमधून गाडी बाहेर काढली. गाडी चालवायला त्यांना नवऱ्यानंच शिकवलं होतं, लायसनही त्यानंच काढून दिलं होतं, तेव्हा ट्रॅक्टर घ्यायचा विचार होता म्हणून. नेहमीच्या टोळ्यांना त्यांनी शब्द दिला. त्याआधी हात बसावा म्हणून वालूरला कुणाचं तरी लग्नाचं सामान पोहोचवायला गेल्या आणि येताना गाडी बंद पडली. उद्धवला ट्रॅक्टर घेऊन जावं लागलं.

लुगड्यावर त्यांनी मारोतरावांचा जुना शर्ट घातला होता, ऊसतोडीच्या बाया घालतात तसा. त्या म्हणाल्या, ‘‘भाई, पहिल्या टाकीतलं डिझेल कमी आलं म्हणून मी कॉक फिरवला. हे फिरवायचे तसाच, शिटाखालचा. तवापासून गाडी चालंल तसा काटा वर चढायला लागला. वर चढत चढत पार फुल झाला. झाकणातून डिझेल सांडलं. आन मग गाडी बंद.’’

उद्धव ट्रॅक्टरवरून उतरला. टाकी भरलेली, काटा फुल आणि गाडी बंद, हे ऐकून रस्त्यात भेटलेला प्रत्येक जण हसला होता आणि ते हसू त्याला सोसलं नव्हतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की वहिनीला समजावा. एक माणूस गाडी बघायला येणार आहे, विकून टाकू. घाटात असं झालं असतं तर काय केलं असतं? उद्धव वाईट नव्हता. भावाला दवाखान्यात पाठीवर घेऊन फिरलेला माणूस तो. तो भ्याला होता.

मी बॉनेट उघडलं. फिल्टरचा नट ढिला केला तर डिझेल नाही, नुसती हवा. पाइपनं हवा ओढली होती. कॉक पहिल्या टाकीवर परत फिरवला, हातपंपानं हवा काढली, सेल्फ मारला. गाडी चालू झाली. जमलेली माणसं पांगली. चालू गाडीत कुणाला रस नसतो.

मग मी जीपखाली आडवा झालो, आणि काटा वर का चढला ते कळलं.

डिझेलचं इंजिन टाकीतून जेवढं ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. उरलेलं दुसऱ्या एका पाइपानं टाकीत परत पाठवतं. गाडीला एकच टाकी असली तर काही प्रश्न नाही. पण दोन असल्या आणि ओढायचा पाइप दुसऱ्या टाकीला जोडला, तर परतीचा पाइपही तिकडंच फिरवावा लागतो. नाही तर इंजिन ओढतं दुसऱ्या टाकीतून आणि उरलेलं ओततं पहिलीत. दुसरी रिकामी होत जाते, पहिली भरून सांडते. काटा पहिल्याच टाकीचा, म्हणून तो वर वर चढतो. भामाबाईंनी सांगितलेला शब्द न शब्द खरा होता. मी तसं मोठ्यानं म्हणालो, उद्धवला ऐकू जाईल असं.

भामाबाई म्हणाल्या, ‘‘पण यांच्या हातात असं कधी झालं न्हाई.’’

म्हणजे परतीच्या पाइपालाही कुठं तरी कॉक असणार. मी पाइपामागं गेलो, तर तो चासीच्या पोकळ पट्टीत शिरत होता आणि पार मागं दोन पाइप होऊन बाहेर पडत होता. मधे कुठं तरी फाटा होता, पण तो दिसत नव्हता. मारोतरावनी फार निगुतीनं काम केलं होतं. मी म्हणालो, खालचा पत्रा कापतो, सापडेल.

‘‘कापून सापडंल हो भाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्यांनी दाखवलं पायजे. त्यांनी हातानं दिली तर मी गाडी चालवीन. चोरून घेतल्यावानी न्हाई चालवायची मला.’’

मी विचारलं, दाखवत नाहीत का? त्या म्हणाल्या, गाडी चालू केली की ते भिंतीकडं तोंड करतात. आणखी एक मागणं त्यांचं होतं. दुसऱ्या टाकीत किती आहे ते काट्यावर दिसलं पाहिजे. ‘‘त्यांना अंदाज होता. मला न्हाई. मला दिसलं पायजे.’’

दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात पत्र्याच्या शेडखाली मारोतराव बाजेवर टेकून बसले होते. दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मला बघून त्यांनी मान हलवली. मी शेजारी बसून इकडचं तिकडचं बोललो, मग परतीच्या कॉकचं विचारलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, म्हणजे समजलं होतं, आणि तोंड भिंतीकडं केलं.

मला वाटलं, बायकोनं गाडी चालवलेली नको आहे. पुरुषाचा ताठा. असे पुष्कळ बघितले होते मी. मनात म्हणालो, राहू दे, आपण आपलं काम करू.

दुसऱ्या टाकीत फ्लोट नव्हताच. एका भंगारातल्या जीपचा चांगला फ्लोट मी आणला होता. टाकी खाली उतरवली, डिझेल पूर्ण काढलं, धुतली, उन्हात उघडी ठेवली. डिझेलच्या टाकीशी घाई करायची नसते. पत्र्याला भोक पाडायचं काम मी हातानंच केलं, ठिणगी उडू नये म्हणून. फ्लोटची दांडी टाकीच्या उंचीप्रमाणं वाकवावी लागते, म्हणजे तळाला गेली की काटा तळाला आणि वर गेली की वर. वाकवायची, आत घालायची, तारा लावून बघायची, पुन्हा काढायची. हे करताना पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटलं. वळून बघितलं. मारोतरावांचं तोंड आता माझ्याकडं होतं. मी बघताच ते पुन्हा भिंतीकडं वळले.

दुपारी भामाबाईंनी भाकरी आणि ठेचा आणला. वाढताना त्यांचा उजवा हात समोर आला, तेव्हा करंगळीला वरचं पेर नाही हे मला दिसलं. इतकी वर्षं त्या दुकानात येत होत्या, पण कधी लक्ष गेलं नव्हतं. मारोतराव त्या बोटाकडं बघत होते. बाईंनी वाढणं थांबवलं आणि तिथंच बसून मला सांगितलं. मला सांगत होत्या, पण ऐकवत नवऱ्याला होत्या असं मला वाटलं.

दुसरी टाकी बसवायच्या आधीची गोष्ट. टोळी घेऊन जाताना बालाघाटाच्या चढाला डिझेल संपलं. मधे पंप लागेल असं वाटलं होतं, तो बंद निघाला. चढावर इंजिन गप्प झालं आणि इंजिनाच्या जोरावर दबणारं ब्रेकचं पायडल दगडासारखं कडक झालं. भरलेली जीप मागं सरकायला लागली. एक बाई लेकरू घेऊन उडी मारायला निघाली होती, तिला कुणी तरी धरून ठेवलं. भामाबाई उतरल्या, रस्त्याकडंचा धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली घातला. धोंडा बसला. बोटाचं पेर त्याच्याबरोबर राहिलं.

‘‘गाडी थांबली की हे खाली आले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा हात हातात घेऊन रस्त्यातच बसले. एक शबुद बोलले न्हाईत. टोळीला सोडून आलो अन् मग ही टाकी केली.’’

मी भाकरी संपवली. ताठ्याचा माझा अंदाज साफ चुकीचा होता. या माणसाला बायकोनं गाडी चालवण्याची लाज वाटत नव्हती. त्याला भीती होती की घाटात ती एक कॉक फिरवेल, दुसरा विसरेल, दुसरी टाकी नकळत रिकामी होईल आणि गाडी पुन्हा चढावर मागं सरकेल. आणि या वेळेला त्याला उतरून जाता येणार नाही. हे सगळं त्याच्या मनात होतं आणि सांगायला वाचा नव्हती. भिंतीकडं तोंड फिरवणं एवढंच त्याच्या हातात राहिलं होतं.

मी हात धुतले आणि त्यांच्या बाजेवर जाऊन बसलो.

म्हणालो, ‘‘मारोतराव, एक कॉक फिरवला आन दुसरा राहिला तर काय होतंय ते मी काल बघितलं. म्हणून मी काय करायचं म्हणतो ते ऐका. दोन्ही कॉक शेजारी शेजारी आणतो. दोन्हीला मिळून एकच दांडा लावतो. त्याच दांड्यावर काट्याचं स्विच. दांडा इकडं केला की डिझेल इकडच्या टाकीचं, परतीचं बी इकडंच, आन काटा बी इकडचाच दाखवणार. विसरायचं म्हणलं तरी विसरता येणार न्हाई.’’

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमले. पण ते विचार करत होते. आम्ही कारागीर लोक असंच करतो. हातात वस्तू नसताना ती डोळे मिटून जोडून बघतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि डाव्या हाताचं बोट आडवं फिरवलं, मग उभं. मला कळलं. दांडा आडवा असावा का उभा? मी म्हणालो, आडवा. उभ्याला पाय लागंल. त्यांनी मान हलवली.

मग डावा हात जीपकडं केला.

मी उद्धवला हाक मारली आणि आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जीपपाशी नेलं. मला वाटलं होतं, ड्रायव्हरच्या बाजूला जातील. ते शेजारच्या बाजूला वळले. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी डाव्या पायानं खालच्या पत्र्यावर टकटक केलं. शेजारी बसणाऱ्याचे पाय जिथं असतात, तिथं.

मी रबरी चटई उचलली. खाली पत्र्याची छोटी झडप होती, बिजागरीची, तेल घातलेली. झडपेखाली पितळी कॉक.

भामाबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्या झडपेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे वाटंत थांबायचे ते यासाठी का?’’

त्यांनी सांगितलं ते असं, की प्रवासात ठरावीक अंतर गेलं की मारोतराव गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, उतर, पाय मोकळे कर, चहा घे. दर वर्षी, दर खेपेला. टोळीतल्या बाया त्यांना चिडवायच्या की तुझा नवरा किती जीव लावतो. त्यांनाही तसंच वाटायचं.

मारोतरावांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलायची, उजवी नाही. डावी बाजू हसत होती. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली, एक कॉककडं केलं आणि एक बायकोकडं. दोन्हीसाठी. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या, मी बघायला थांबलो नाही. पाना आणायला हत्यारांच्या पिशवीकडं गेलो. पाना माझ्या खिशातच होता.

दांड्याचं काम पुढचे काही दिवस चाललं. परतीचा कॉक ड्रायव्हरच्या सीटखाली, पहिल्याच्या शेजारी आणला. लोखंडी पट्टी वेल्डिंगच्या दुकानातून करून आणली. पहिल्यांदा केली ती जाड झाली, कॉक फिरताना अडायचा. मारोतरावनी डाव्या हातानं फिरवून बघितली आणि मला परत दिली. दुसरी बारीक केली. तीही परत दिली. तिसरी त्यांनी चार-पाच वेळा इकडं तिकडं केली आणि ठेवून घेतली. बाजेवर बसल्या बसल्या ते माझे मुकादम झाले होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर फार दिवसांनी कुणी तरी माझं काम एवढं लक्ष देऊन बघत होतं.

कुणी विचारेल, दोन्ही फ्लोटच्या तारा एकदम काट्याला का जोडल्या नाहीत, म्हणजे स्विचची भानगडच नको. तसं केलं तर दोन्ही टाक्यांचा मिळून काही तरी आकडा काटा दाखवतो, पण कुठल्या टाकीत किती आहे ते कळत नाही. एक भरलेली आणि एक रिकामी असली तर काटा मधे उभा राहतो, आणि माणूस निवांत राहून नेमक्या रिकाम्या टाकीवर गाडी हाकतो. बाईंनी मागितलं होतं ते ‘दिसलं पायजे’. म्हणून ज्या टाकीवर गाडी चालू असेल तिचंच दाखवायचं.

गाडी बघायला येणारा माणूस बाजाराच्या दिवशी यायचा होता. त्याच सकाळी आम्ही जिंतूरच्या रस्त्यानं फेरी मारायचं ठरवलं. पहिल्या टाकीत मुद्दाम थोडंच डिझेल ठेवलं होतं. उद्धवनं भावाला उचलून शेजारच्या सीटवर बसवलं आणि पडू नये म्हणून छातीला धोतर गुंडाळून बांधलं. मी आणि तो मागं बसलो.

बाई गाडी शांतपणे चालवत होत्या. समोरून ट्रक आला तरी हात हलायचा नाही. रस्त्याकडंची माणसं वळून बघायची, त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. मारोतराव रस्त्याकडं बघतच नव्हते, त्यांची नजर काट्यावर होती. काटा खाली खाली येत तळाशी टेकायला आला. भामाबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, डावा हात खाली नेला आणि दांडा पलीकडं केला.

जुन्या गाडीचा काटा झटक्यात वर जात नाही. तो सावकाश चढतो. एवढी वर्षं हे काम केलं, पण त्या दिवशी तो चढेपर्यंत मी पुढच्या सीटची कड धरून बसलो होतो. काटा हलला, पाव भागावर आला, अर्ध्यावर आला आणि पाऊणच्या जवळ जाऊन थांबला. इंजिनाच्या आवाजात काही फरक नाही. पुढं कितीतरी वेळ गाडी चालली, काटा वर चढला नाही. केसभर खाली आला, जसा यायला पाहिजे तसा.

मारोतरावनी डावा हात मांडीवर आपटला. एकदाच.

मागं उद्धव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘भाई, दादानं तो कॉक मला बी कधी दाखवला नव्हता.’’ आवाजात राग नव्हता, पण काही तरी होतं. मी म्हणालो, तू कधी विचारलं होतंस का? तो म्हणाला, न्हाई. दुपारी गाडी बघायला माणूस आला तेव्हा त्यानंच अंगणातून त्याला सांगितलं की गाडी विकायची नाही, पाणी प्या आणि जा.

त्या वर्षी भामाबाई टोळी घेऊन गेल्या. मारोतराव शेजारच्या सीटवर बसून गेले. घरी राहायला ते तयार नव्हते. वाटेतली वळणं, चढ, चांगला पंप कुठला, सगळं त्यांना पाठ होतं. डावा हात वर केला की बाई वेग कमी करायच्या. मला दिवसाआड फोन यायचा. काटा बरोबर हाय, एवढंच सांगायच्या आणि ठेवायच्या.

पट्टा पडल्यावर त्या परतल्या आणि एका सकाळी जीप माझ्या दुकानासमोर उभी राहिली. मारोतराव शेजारी बसलेले, उन्हानं रापलेले, पण तब्येत आधीपेक्षा बरी. भामाबाई सामान आणायला बाजारात गेल्या. त्या दिसेनाशा झाल्या तसं मारोतरावनी मला जवळ बोलावलं. सीटच्या फटीतून एक काडी काढली. कापसाच्या पऱ्हाटीची, साल सोललेली. तिच्या खालच्या टोकाला डिझेलचा काळपट डाग होता, चार बोटं उंचीचा. त्यांनी काट्याकडं बोट केलं आणि बोट तळाला आणलं. मग काडीवरचा डाग दाखवला.

त्यांचं म्हणणं मला कळलं. दुसऱ्या टाकीचा काटा तळाला टेकतो तेव्हा टाकीत चार बोटं डिझेल अजून असतं. काटा चुकीचा आहे. वाटेत कुठं तरी त्यांनी कुणाकडून तरी काडी टाकीत बुडवून घेतली होती. भामाबाईंच्या मागं.

मी बाजाराच्या बाजूला बघून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की चुकीचा नाही, दांडी मी मुद्दामच तशी वाकवली. काटा तळाला गेला तरी एक मोठा चढ चढून जाईल एवढं टाकीत राहावं म्हणून. बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही मोजून वापरलं असतं.

मारोतराव माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी काडी मांडीवर ठेवली, डाव्या हातानं दाबून मोडली आणि तुकडे बाहेर टाकले. तेवढ्यात भामाबाई पिशव्या घेऊन येताना दिसल्या. मारोतरावनी घाईघाईनं डाव्या हाताचं बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं. ज्याची वाचा गेली होती तो माणूस मला गप्प राहा म्हणून सांगत होता.

बाईंनी विचारलं, काय चाललंय दोघांचं? मी म्हणालो, काही नाही, काटा बरोबर आहे म्हणतात.

त्यानंतर काही वर्षं जीप चालली. भामाबाई दर हंगामाला जायच्या. मारोतरावही जायचे, ते वारले तोपर्यंत. मग जीपची मुदत संपली. आता त्यांच्या दारात नवी गाडी आहे, पेट्रोल आणि गॅसवर चालणारी. दोन इंधनांचे दोन काटे कारखान्यातूनच बसवून येतात. मागं सगळं बंद डब्यात असतं, तारेला हात लावायला जागा नसते. ते चांगलं आहे, बिघडत नाही. फक्त आमच्यासारख्यांना त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही.

कधी कधी वाटतं, मारोतराव बोलत होते तेव्हा आमच्यात कामाची गोष्ट कधी झालीच नाही. त्यांची वाचा गेल्यावर त्या अंगणात जेवढं बोलणं झालं, तेवढंच. परतीचा कॉक त्या झडपेखाली बसवताना त्यांनी पाइप वाकवला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं.

त्या चार बोटांबद्दल मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. आता ती जीप नाही, ती टाकी नाही, म्हणून लिहिलं. भामाबाईंना वाचायला त्यांची नात शिकवते आहे, असं ऐकलं. त्यांनी हे वाचलं तर मला फोन येईल, आणि पहिल्या वाक्यात त्या काय म्हणतील तेही मला माहीत आहे: ‘मला का सांगितलं न्हाई?’ पण मारोतरावनी गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी राहू शकलो तेवढे दिवस राहिलो, एवढं बाईंनी ध्यानात घ्यावं.